रक्तांतील मेद आणि कानांचें आयुष्य

वार्धक्य आणि बहिरेपणा यांची जोडी आपल्या घरांतून इतकी अंगवळणीं पडलेली आहे, कीं तिच्याविषयीं चौकशी करावी असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. केंस पिकले, दांत पडले, तसेच कान गेले. त्यांत विचारावयाचें काय? डोळ्यांना दिसेनासें झालें म्हणजे आपण डॉक्टरांकडे धांव घेतों, मोतीबिंदु काढवितों, चष्म्याचे नंबर वरचेवर तपासून घेतों. पण कानांची गोष्ट निघाली, कीं "आतां वय झालें" या तीन शब्दांत तिचा निकाल लागतो. माजघरांत बसलेल्या आजीबाई दोनदां हांक मारूनहि ओ देत नाहींत, तेव्हां धाकटीं मुलें हंसतात, मोठीं माणसें आवाज चढवितात, आणि सून मनांतल्या मनांत म्हणते, "सोयीचें तेवढें बरोबर ऐकूं येतें!" या शेवटल्या आरोपाला उत्तर द्यावें, हा या लेखाचा एक हेतु आहे. दुसरा हेतु असा, कीं ज्या मेदाची चर्चा आपण नेहमीं हृदयाच्या संबंधांत ऐकतों, त्या रक्तांतील मेदाचा कानाशींहि कांहीं संबंध आहे काय, आणि असल्यास किती, हें वाचकांपुढें मांडावें. हा प्रश्न गेलीं साठांहून अधिक वर्षें शास्त्रज्ञांपुढें आहे. त्याचें उत्तर अद्याप एकमुखी नाहीं. आणि मला स्वतःला त्यांतील गोडी याच मतभेदांत वाटते.

प्रथम आजीबाईंवरील आरोपाचा निकाल लावूं. आपल्या बोलण्यांत स्वरांचा आवाज भारी आणि खालच्या पट्टींतला असतो. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांचा आवाज क्षीण आणि फार वरच्या पट्टींतला असतो. वयोमानानें येणारा बहिरेपणा बहुधा वरच्या पट्टीपासून सुरू होतो. परिणाम असा होतो, कीं कोणीतरी बोललें हें म्हाताऱ्या माणसाला कळतें, पण काय बोललें हें कळत नाहीं; स्वर पोंचतात, व्यंजनें वाटेंत गळून पडतात. आमच्या नात्यांतील एका वृद्ध गृहस्थांनीं मुंजीच्या तयारींत टेलिफोनवर "साठ नारळ" हे शब्द "आठ नारळ" असे ऐकले, आणि मांडवाच्या दिवशीं जी धांवपळ उडाली तिची आठवण त्या घरांत अद्याप निघते. बिचाऱ्यांचें लक्ष नव्हतें असें मुळींच नाहीं. आरंभींचा 'स' तेवढा त्यांच्या कानापर्यंत आला नाहीं. याच कारणानें पुरुषाचा जाड आवाज वृद्धांना पुष्कळदां स्पष्ट कळतो, आणि बायकामुलांचा बारीक आवाज कळत नाहीं. मुलाचें बोलणें ऐकूं येतें व सुनेचें येत नाहीं, यांत सासूचें कपट नसून ध्वनीचें शास्त्र आहे! त्यांतून नळाचें पाणी वाहत असेल, मिक्सर फिरत असेल, शेजारीं टेलिव्हिजन चालू असेल, तर उरलेंसुरलेंहि बुडून जातें. आणि म्हणून आपण ओरडलों, तर "ओरडतेस कां ग? मी कांहीं बहिरी नाहीं!" असें उत्तर येतें, कारण या बहिरेपणांत बारीक आवाज ऐकूं येत नाहीं, पण मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच, किंबहुना अधिकच, टोंचतो.

असें कां व्हावें हें समजण्यासाठीं कानाच्या आंत डोकावलें पाहिजे. शाळेंतले मास्तर कानाचा जो भाग धरून पिळीत असत, तो केवळ दरवाजा होय. ऐकण्याचें खरें काम आंत, कवटीच्या अत्यंत कठीण हाडांत दडलेल्या एका नळींत चालतें. ही नळी गोगलगाईच्या शंखाप्रमाणें सुमारें अडीच वेढ्यांची असून उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यांतील सूक्ष्म रचनेचें वर्णन अल्फोन्सो कोर्ती या इटालियन शास्त्रज्ञानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलें. तेथें केंसाळ टोंकांच्या पेशी ओळीनें उभ्या असतात. आंतली ओळ सुमारें साडेतीन हजारांची, आणि बाहेरच्या तीन ओळी मिळून सुमारें बारा हजारांच्या. आंतल्या पेशी ऐकलेलें मेंदूकडे पोंचवितात. बाहेरच्या पेशींचें काम अधिक चमत्कारिक आहे: ध्वनि येतांच त्या स्वतः आंखडतात व लांबतात, आणि त्यायोगें क्षीण आवाजाला जोर देतात. जन्मतः मिळालेल्या या पंधरा हजार पेशींवर माणसाला जन्म काढावयाचा असतो. पक्ष्यांच्या कानांत मेलेल्या पेशींच्या जागीं नव्या उगवतात. मनुष्याच्या कानांत उगवत नाहींत.

इतक्या लहान यंत्राला रक्त पुष्कळ लागतें. नळीच्या एका भिंतीवर रक्तवाहिन्यांनीं गजबजलेली एक पट्टी असते. ती आंतल्या द्रवांत सुमारें ८० मिलिव्होल्टचा विद्युद्भार सतत राखून ठेविते, आणि त्या भारावरच केंसाळ पेशींचें काम चालतें. ही पट्टी म्हणजे कानाची विजेची बॅटरी. पण तिला रक्त आणणारी धमनी एकच, तीहि दोऱ्यासारखी बारीक. शरीराच्या इतर पुष्कळ भागांत एक वाट बंद झाली तर शेजारच्या वाटेनें रक्त येतें. येथें ती सोय नाहीं. एकाच पाटाच्या पाण्यावर जगणाऱ्या शेतासारखी ही स्थिति आहे. पाटांत गाळ सांचला, कीं सर्वांत आधीं टोंकाचे वाफे सुकावयाचे.

येथेंच मेदाचा संबंध संभवतो. तेल आणि पाणी मिसळत नाहींत, म्हणून शरीर मेदाला प्रथिनांच्या वेष्टनांत बांधून रक्तांतून नेतें. एलडीएल नांवाचीं गांठोडीं कोलेस्टेरॉल पेशींना पोंचवितात, आणि तीं फार झालीं म्हणजे धमन्यांच्या भिंतींत थर बसूं लागतात. एचडीएल हीं उलट दिशेचीं गांठोडीं. तीं पेशींतील जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतात. ट्रायग्लिसराइड हें तिसरें नांव तपासणीच्या कागदावर आढळतें. गोड, भात, मैदा, दारू आणि बैठें आयुष्य यांनीं तें वाढतें. कोलेस्टेरॉल हा शब्द घरोघर शिवीसारखा वापरला जातो. तथापि त्यावांचून एकहि पेशी उभी राहत नाहीं, हें लक्षांत ठेविलेलें बरें.

आतां या विषयाच्या मूळ पुरुषाकडे वळूं. न्यूयॉर्कमध्यें सॅम्युअल रोझेन (१८९७–१९८१) नांवाचे कर्णवैद्य होते. १९५२ सालीं एका रुग्णाच्या कानाची शस्त्रक्रिया करीत असतां, मध्यकर्णांतील रिकिबीच्या आकाराचें चिमुकलें हाड जखडलें आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यांनीं तें जरा ढकललें. हाड सुटलें, आणि टेबलावर पडलेल्या त्या रुग्णाला एकाएकीं ऐकूं येऊं लागलें. या योगायोगांतून एक नवी शस्त्रक्रिया निघाली व रोझेन यांचें नांव जगभर झालें. दुसरा एखादा मनुष्य एवढ्या कीर्तीवर सुखानें निवृत्त झाला असता. परंतु रोझेन यांच्या मनांत दुसराच प्रश्न घोळत होता: म्हातारपणीं बहिरेपणा यावयासच पाहिजे काय? पाश्चात्त्य शहरांतील वृद्धांचे कान तपासून याचें उत्तर मिळणार नव्हतें, कारण तेथें वय, गोंगाट, आहार, चिंता सर्वच एकत्र गुंतलेलें. म्हणून साठी उलटल्यावर हे गृहस्थ यंत्रें बरोबर घेऊन, जर्मन, मिसरी व सुदानी सहकाऱ्यांसह, सुदानच्या आग्नेय कोंपऱ्यांत इथिओपियाच्या सीमेलगत राहणाऱ्या माबान लोकांकडे गेले. (तो मुलुख २०११ पासून दक्षिण सुदान या नव्या राष्ट्रांत मोडतो.)

माबानांच्या गांवांत मोटार नव्हती, बंदूक नव्हती, यंत्र नव्हतें. सामान्य दिवशीं तेथील आवाज आपल्या वाचनालयांतील आवाजापेक्षां अधिक नसे. १९६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या या पाहणींत असें दिसलें, कीं वृद्ध माबानांची श्रवणशक्ति त्याच वयाच्या अमेरिकनांहून पुष्कळच चांगली आहे, आणि वयाबरोबर चढणारा जो रक्तदाब आपण निसर्गनियम मानतों, तो त्यांच्यांत चढतच नाहीं. पहिलें अनुमान सरळ होतें: गोंगाट नाहीं म्हणून बहिरेपणा नाहीं. परंतु रोझेन तेवढ्यावर थांबले नाहींत. या लोकांच्या धमन्याहि निरोगी दिसत होत्या. त्यांचा मुख्य आहार ज्वारीचा, जोडीला मासे. मांस व चरबी क्वचित्. ज्वारी मूळची त्या बाजूचीच, ती पुढें आपल्याकडे आली आणि देशावर घरोघरचें अन्न झाली. तेव्हां माबानाचें ताट आपल्या सोलापुरी ताटाला अगदींच परकें नव्हे. मग कान शाबूत राहण्याचें श्रेय शांततेला द्यावें, कीं धमन्यांना, कीं त्या धमन्यांमागच्या ताटाला?

आक्षेप त्या वेळींहि निघाले व ते रास्त होते. माबानांपाशीं जन्मपत्रिका नव्हत्या; त्यांचीं वयें अदमासानेंच धरावीं लागलीं. शिवाय एकाच रक्ताच्या लहानशा जमातींत आनुवंशिक गुणहि असूं शकतो. रोझेन यांना उत्तर हवें असेल, तर जेथें गोंगाट सारखा, हवापाणी सारखें आणि फक्त ताट वेगळें, अशी जागा शोधावयास हवी होती. अशी जागा त्यांना फिनलंडमध्यें सांपडली.

फिनलंडमध्यें त्या काळीं हृदयविकाराचें थैमान होतें. त्या रोगानें मरणाऱ्या पुरुषांचें प्रमाण जगांत अत्यंत वरचें. लोणी आणि सायीचें दूध हा तेथील अन्नाचा प्राण. ओस्मो तुर्पेइनेन यांनीं १९५९ सालीं हेलसिंकीजवळच्या दोन मनोरुग्णालयांत एक मोठा प्रयोग आरंभिला. निक्किला येथील रुग्णालयांत दुधांतील साय काढून तिच्या जागीं सोयाबीनचें तेल घुसळून मिसळण्यांत आलें, आणि लोण्याऐवजीं वनस्पतितेलांचें मऊ मार्गारीन देण्यांत आलें. केल्लोकोस्की येथील रुग्णालयांत नेहमींचेंच अन्न चालूं राहिलें. सहा वर्षांनीं, १९६५ सालीं, पारडें फिरविण्यांत आलें: निक्किलाचें अन्न पूर्ववत् झालें आणि केल्लोकोस्कीला तेलाचें दूध मिळूं लागलें. हा फेरा १९७१ पर्यंत चालला. हृदयाच्या बाबतींत निकाल ठळक लागला. नव्या अन्नाच्या काळांत पुरुषांमधील हृदयविकाराचे मृत्यु सुमारें निम्म्यावर आले.

रोझेन व त्यांचे सहकारी ओलिन यांनीं याच दोन रुग्णालयांतील लोकांचे कान तपासले. पहिल्या फेरीनंतर तेलाचें दूध पिणाऱ्यांची श्रवणशक्ति दुसऱ्यांपेक्षां चांगली आढळली. आणि जी गोष्ट पाहण्यासाठीं खरी उत्सुकता होती ती अशी, कीं अन्नाची अदलाबदल झाल्यावर कानांचाहि कल बदलला: ज्यांना साय व लोणी परत मिळालें त्यांचे कान उतरूं लागले, ज्यांचें सुटलें त्यांचे सुधारण्याच्या बाजूस झुकले. १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचें शीर्षकच आहारानें बहिरेपणा टाळण्याविषयींचें होतें.

हें वाचून पुष्कळांना वाटेल, कीं झालें, प्रश्न सुटला. मला तसें वाटत नाहीं. एक तर येथें व्यक्तींची वांटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. रुग्णालय हाच घटक होता, आणि प्रयोगाच्या बारा वर्षांत रुग्ण येत होते व जात होते. दुसरें, श्रवणाची परीक्षा ही रुग्णाच्या उत्तरावर अवलंबून. "ऐकूं आलें" म्हणून त्यानें खूण करावयाची, आणि येथें तर परीक्षार्थी मनोरुग्ण. तिसरी गोष्ट शास्त्राची नव्हे, पण मनांत सलते. आपल्या ताटांत काय पडावें हें ठरविणारे ते लोक स्वतः नव्हते. आज असा प्रयोग करावयाचा तर प्रत्येकाची संमति मागावी लागेल, आणि तें योग्यच आहे. तथापि त्यांच्या मूक सहवासांतून जगाला मिळालेली माहिती मोलाची आहे, हेंहि नाकारतां येत नाहीं.

पुढची पन्नास वर्षें या प्रश्नानें झुला खाल्ला. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनियाचे जेम्स स्पेन्सर यांनीं १९७३ सालीं लिहिलें, कीं अंतःकर्णाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या पुष्कळ रुग्णांच्या रक्तांत मेदाचा बिघाड सांपडतो. इतरांनीं असेच रुग्ण तपासले, तेव्हां त्यांना तसें कांहीं विशेष आढळलें नाहीं. १९९३ सालीं फ्रेमिंगहॅम या गांवच्या सुप्रसिद्ध हृदयपाहणींतील १,६६२ वृद्धांच्या कानांचा हिशेब प्रसिद्ध झाला. तेथें हृदयरोग व रक्तदाब यांचा बहिरेपणाशीं संबंध दिसला, आणि तो वरच्या पट्टीपेक्षां खालच्या पट्टींत, पुरुषांपेक्षां बायकांत अधिक स्पष्ट होता. बायकांमध्यें एचडीएलचाहि खालच्या पट्टीच्या श्रवणाशीं संबंध आढळला. खालची पट्टी ही महत्त्वाची खूण आहे. गोंगाटानें जाते ती वरची पट्टी. रक्तपुरवठा मंदावून भिंतीवरची बॅटरी कमजोर झाली तर खालची पट्टीहि बसते. संबंध मात्र दुबळा होता. शंभर कारणांतील एक, असेंच त्याचें स्वरूप.

कारणांचा छडा अधिक खोल नेणारें संशोधन प्रयोगशाळांत झालें. चिंचिला नांवाच्या, उंदराच्या जातीच्या प्राण्यांना मेदानें भरलेलें अन्न दिलें आणि मग मोठा आवाज ऐकविला, तेव्हां साध्या अन्नावरच्या चिंचिलांपेक्षां त्यांचे कान अधिक बिघडले. म्हणजे मेद आणि गोंगाट हे दोघे एकमेकांचे हात बळकट करितात. दुसरी गोष्ट तर धमन्यांशीं मुळींच संबंध नसलेली. वर सांगितलेल्या बाहेरच्या ओळींतील पेशी ज्या प्रथिनाच्या बळावर आंखडतात, त्याचा शोध २००० सालीं लागला. त्याला प्रेस्टिन हें नांव संगीतांतल्या द्रुत लयीच्या 'प्रेस्तो' या शब्दावरून मिळालें. हें प्रथिन पेशीच्या ज्या पडद्यांत बसलेलें असतें, त्या पडद्यांतील कोलेस्टेरॉल कमीअधिक केलें, कीं प्रेस्टिनचें वागणें बदलतें. वीणेची तार ताणावी किंवा ढिली सोडावी तसा हा प्रकार. अर्थात् हे प्रयोग बशींतल्या पेशींवरचे. रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढलें म्हणजे जिवंत माणसाच्या कानांतील पडद्यांतहि तेवढेंच वाढतें, असें यावरून कोणी समजूं नये.

वयोमानाचा बहिरेपणा पावलापावलानें येतो. पण कांहीं वेळां एक कान रात्रींत जातो. मनुष्य सकाळीं उठतो, आणि एका कानांत नुसती शिट्टी वाजत असते. अशा आकस्मिक बहिरेपणाचें कारण बहुधा हातीं लागत नाहीं. रक्तपुरवठा खंडित होणें हें संशयितांपैकीं एक. जर्मनींत सुकफ्यूल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं यावर मोठें धाडस केलें. अशा २०१ रुग्णांपैकीं कांहींना दहा दिवसांचा नेहमींचा औषधोपचार देण्यांत आला, आणि कांहींचें रक्त एकदांच, सुमारें दोन तास, यंत्रांतून फिरवून त्यांतील एलडीएल आणि रक्त दाट करणारें फायब्रिनोजेन काढून टाकण्यांत आलें. २००२ सालीं निकाल प्रसिद्ध झाला: एकंदरींत दोन्ही उपचार सारखेच ठरले, मात्र ज्यांचें फायब्रिनोजेन मुळांत अधिक होतें, त्यांना रक्त गाळण्यानें बोलणें अधिक चांगलें कळूं लागलें. हा उपचार खर्चाचा, आणि तो घरोघर सांगण्यासारखा नव्हे. पण आकस्मिक बहिरेपणाविषयीं एक गोष्ट प्रत्येक घरांत माहीत हवी. एका कानाला एकाएकीं ऐकूं येईनासें झालें, तर तो मळ असेल, सर्दी असेल, चार दिवसांनीं सुटेल, म्हणून स्वस्थ बसूं नये. त्याच दिवशीं, फार तर दुसऱ्या दिवशीं, कानाच्या डॉक्टरांकडे जावें. स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर सुरू होईल तितकी आशा अधिक. पंधरवडा गेल्यावर ती झपाट्यानें मावळते.

आतां स्वयंपाकघरांत येऊं, कारण गृहिणींचा प्रश्न मला ऐकूं येत आहे: "मग तूप बंद करावयाचें कीं काय?" तुपाच्या दर शंभर भागांत साठाच्या आसपास संपृक्त मेद असतो, हें खरें, फिनलंडच्या रुग्णालयांतून जें काढून टाकण्यांत आलें तें हेंच. पण तेथें माणसें दिवसभर सायीचें दूध पीत व पावावर लोण्याचा थर देत. आपल्या वरणभातावरील चमचाभर साजूक तुपाला त्या पंक्तीला बसविणें अन्यायाचें होईल. खरा दोष जर कोठें असेल, तर तो सणाचें जेवण रोजचें झालें यांत आहे. पुरणपोळीवर तुपाची धार वर्षांतून चार वेळां पडत असे, तेव्हां तिनें कोणाचें वांकडें केलें नाहीं. वनस्पति तुपाची गोष्ट मात्र वेगळी. डालडा १९३७ सालीं बाजारांत आला आणि स्वस्ताईच्या जोरावर मध्यमवर्गाच्या कढईंत शिरला. या गोठविलेल्या तेलांतील ट्रान्स मेद एलडीएल वाढवितो व एचडीएल घटवितो. सरकारनें जानेवारी २०२२ पासून तेलातुपांतील या मेदावर दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे. उलट आपल्या देशावरचें जुनें करडईचें तेल पहा. त्यांतील मेदाचा मोठा भाग, सोयाबीनच्या तेलांत असतो त्याच असंपृक्त जातीचा असतो. जें फिनलंडमध्यें प्रयोग म्हणून देण्यांत आलें, त्याचा भाऊबंद आमच्या आज्या घाण्यावरून आणवीत असत. आणि आम्हीं तें मागासलेलें म्हणून टाकून दिलें.

सारस्वत वाचकांना एक बातमी सुखावील. ऑस्ट्रेलियांत सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स भागांतील वृद्धांच्या पाहणींत, २०१० सालच्या वृत्ताप्रमाणें, आठवड्यांतून दोन किंवा अधिक वेळां मासे खाणाऱ्यांना पुढील पांच वर्षांत बहिरेपणा येण्याचा संभव, क्वचित् खाणाऱ्यांपेक्षां ४२ टक्क्यांनीं कमी दिसला. अमेरिकेंतील परिचारिकांच्या फार मोठ्या पाहणींत (२०१४) हाच आंकडा २० टक्के आला. पण मासे खाणारा मनुष्य इतरहि पुष्कळ गोष्टी वेगळ्या करीत असतो. म्हणून अशा पाहण्या संशय दृढ करितात, निकाल देत नाहींत. आम्हां शाकाहाऱ्यांनीं जवसाची चटणी खावी. तिच्यांत त्याच कुळांतला मेद आहे, जरी माशांतल्याइतकी त्याची परीक्षा झालेली नाहीं. ब्लू माउंटन्सच्याच पाहणींत कोलेस्टेरॉल उतरविणारीं औषधें घेणाऱ्यांत बहिरेपणा कमी आढळला. तरीहि, केवळ कान सुधारावे म्हणून हीं औषधें घ्यावीं, इतका पुरावा आज नाहीं. हृदयासाठीं डॉक्टरांनीं दिलीं असतील तर तीं नियमानें घ्यावीं. कानाला लाभ झाला तर तो वरकड समजावा. "रक्त शुद्ध करून बहिरेपणा घालवूं" अशा जाहिराती करणाऱ्यांची मात्र पी हळद आणि हो गोरी अशी तऱ्हा आहे. मेलेली केंसाळ पेशी कोणत्याहि काढ्यानें उठत नाहीं.

कानांत तेल घालण्याच्या चालीबद्दलहि येथें दोन शब्द. लसणीचें कोंबट तेल घालणें हा आपल्या घरांतला जुना उपाय. मळ मऊ करण्यास तेलाचा उपयोग होतो. परंतु तें पडद्याच्या अलीकडेच राहतें, आंतल्या शंखापर्यंत पोंचत नाहीं. आणि पडद्याला भोंक असेल तर तें अपाय करितें. बाहेरून घातलेला स्नेह कानाला तारीत नाहीं, आणि आंतून रक्तांत साठलेला स्नेह त्याला मारूं शकतो, असा हा विलक्षण न्याय आहे.

बहिरेपणाचीं इतर कारणें मेदाहून मोठीं आहेत, हें सांगितलें नाहीं तर या लेखाचा तोल जाईल. वय, आनुवंशिकता, मधुमेह, तंबाखू, स्ट्रेप्टोमायसीन व जेंटामायसीनसारखीं औषधें, आणि सर्वांत टाळतां येण्याजोगें म्हणजे गोंगाट. विसर्जनाच्या मिरवणुकींत नातवंडाला खांद्यावर घेऊन ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोर उभ्या राहणाऱ्या वडिलांनीं चिंचिलांचा प्रयोग आठवावा.

हें सर्व महत्त्वाचें कां, तें एका अलीकडच्या अहवालावरून दिसतें. स्मृतिभ्रंशाविषयीं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या मंडळानें २०२४ सालीं टाळतां येण्याजोगीं चौदा कारणें दिलीं. त्यांत सर्वांत जड भार दोन कारणांचा धरला आहे, प्रत्येकीं सात टक्के: मध्यमवयांतील वाढलेलें एलडीएल, आणि बहिरेपणा. आपले दोन नायक तेथें शेजारीं शेजारीं बसलेले आहेत. अमेरिकेंत ९७७ वृद्धांवर झालेला एक प्रयोग २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्यांना श्रवणयंत्र व त्याचें शिक्षण देण्यांत आलें, निम्म्यांना केवळ आरोग्याचा उपदेश. तीन वर्षांनीं सर्वांचा एकत्र हिशेब केला तेव्हां बुद्धीच्या ऱ्हासांत फरक दिसला नाहीं. पण त्यांतील जे लोक एका जुन्या धमनीविकाराच्या पाहणींतून घेतलेले होते, ज्यांचें वय व हृदयविकाराचा धोका अधिक होता, त्यांच्यांत श्रवणयंत्रवाल्यांचा ऱ्हास ४८ टक्क्यांनीं मंद होता.

तेव्हां घरांत कोणाचें कोलेस्टेरॉल किंवा साखर वाढलेली निघाली, तर डोळे व मूत्रपिंड यांच्याबरोबर कानांचीहि एकदां परीक्षा करवावी. तिला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाहीं, आणि सुई टोंचत नाहींत. आवाजबंद खोलींत बसून, सूर ऐकूं आला कीं बटण दाबावयाचें. खर्जापासून अतितारापर्यंत प्रत्येक पट्टीचा आलेख हातीं मिळतो. मोठ्या सरकारी रुग्णालयांतून ही सोय असते. मुंबईंत वांद्र्यास अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था १९८३ पासून याच कामासाठीं आहे. यंत्राची शिफारस झाली, तर पहिले कांहीं आठवडे भांड्यांचा खणखणाट आणि स्वतःच्याच चपलांचा आवाज असह्य होतो, व पुष्कळ वृद्ध तें पेटींत ठेवून देतात. त्या आठवड्यांत घरच्या मंडळींनीं रोज थोडा वेळ समोर बसून, तोंडावर उजेड पडेल अशा बेतानें, न ओरडतां व न घाईनें त्यांच्याशीं बोलावें; सुनेनें तर अवश्य बोलावें, कारण यंत्रानें प्रथम परत मिळतो तो तिचाच आवाज.